वाइनरीच्या भिंतीवर मी

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज शेठ सगळ्यांसमोर हसला. मी एवढंच म्हटलं होतं की पाच वर्षं टेबलावर साड्या छापायची फ्रेम ओढतोय, आता मला डिझाइन रूममध्ये बसवा, कॉम्प्युटर शिकतो. शेठ म्हणाला, "चेतन, तिथे एसी आहे. तुला सर्दी होईल." झालं, सगळी मिल हसली. त्यात निम्मी आमच्या खानदेशची पोरं. उद्या यांना कुणी लाथ घातली तरी हे खी खी करतील.

मी सातवीतून शाळा सोडली, खरं आहे. पण मागच्या वर्षी जी तीन डिझाइनं चालली ती कुणी आणली? एक लग्नाच्या मंडपाच्या पडद्यावरून, एक हॉटेलच्या फरशीवरून, एक देवळाच्या छतावरून. मोबाइलवर फोटो काढून मीच आणली. आमच्या धंद्यात याला चोरी म्हणत नाहीत, सॅम्पल म्हणतात. आज फोटो, पुढच्या आठवड्यात सुरतच्या रिंगरोडला, कापडबाजारात माल. नाव कॉम्प्युटरवाल्याचं, आणि मी परत टेबलावर. कापड ताणा, फ्रेम ठेवा, रंग ओढा, फ्रेम उचला, पुढे सरका. संध्याकाळी खांदे माझे राहत नाहीत.

ही डायरीसुद्धा शेठने दिली. रंगवाल्या कंपनीने दिवाळीला त्याला दिली होती, पुठ्ठ्यावर डाग होता म्हणून माझ्याकडे आली. लिहितो म्हणजे निदान कुणाचं डोकं फोडत नाही.

२० नोव्हेंबर

शेठची सून जागृतीबेन आज टेबलापर्यंत स्वतः आली. ती डिझाइनचं शिकलेली आहे, बोलते गोड. म्हणाली नाशिककडे एक वाइनरी आहे, दारूसाठी नाही तर इमारतीसाठी आणि चित्रांसाठी लोक बघायला जातात. आत एक मोठी चितारलेली भिंत आहे. लगनसराच्या, म्हणजे लग्नसराईच्या, सीझनला तिला ती साडीवर हवी आहे. पण आत फोटो काढू देत नाहीत.

"तू चाल. तुला मराठी येतं. आणि तुझ्याकडे कोणी बघत नाही."

हे ती अशी म्हणाली जसं काही बक्षीस देतेय. मी विचारलं, मला काय? ती म्हणाली, काम झालं तर डिझाइन रूममध्ये खुर्ची, पप्पांशी मी बोलते.

बरोबर आहे. बघू नका माझ्याकडे. खुर्ची द्या फक्त.

२१ नोव्हेंबर

भिकनमामाला सांगायलाच नको होतं. मामा इथेच सुरतेत, लिंबायतमध्ये रिक्षा चालवतो, मी त्याच्याच खोलीवर राहतो. नाशिक म्हटल्याबरोबर ताटातला हात थांबला त्याचा.

"तुनी माय तठेच शे ना. द्राक्षना मळामा."

"माहीत आहे."

"मंग भेटी ये."

"नाशिक म्हणजे काय लिंबायतचा चौक आहे का, गेलं की भेटली?"

"तीन वरीस व्हयनात, चेतन."

मी उठून हात धुतले. आई सीझनला साक्रीकडून टोळीबरोबर द्राक्षाच्या कामाला जाते, तिकडेच शेडमध्ये राहते. जाऊ दे. तिने तीन वर्षांत एकदा तरी म्हटलं का, ये म्हणून? मामाच्या फोनवर बोलते, मी समोर बसलेला असतो, तरी विचारते "तो जेवना का", आणि ठेवते. मी काय मामाचं कुत्रं आहे का, जेवलं का विचारायला?

२४ नोव्हेंबर, सोमवार

काल जाऊन आलो. रात्रभर डोकं तापलेलं होतं. आज सुट्टी मारली आणि लिहितोय.

पहाटे निघालो. जागृतीबेन, तिचा नवरा छोटे शेठ, आणि मी. सापुताऱ्याच्या घाटात छोटे शेठ मला म्हणाले, "आपण फक्त आर्किटेक्चर बघायला चाललोय हां. घरी कुणी विचारलं तर." मी हो म्हटलं. गुजरातची हद्द संपल्याबरोबर त्यांचा चेहरा असा खुलला की आर्किटेक्चर कशाला म्हणतात ते मला तिथेच कळलं.

पण खोटं कशाला लिहू, वाइनरी पाहून माझं तोंड उघडंच राहिलं. बाहेरून काळ्या दगडाची भिंत, डोंगर कापून आणल्यासारखी. आत एवढा मोठा हॉल आणि मध्ये एकही खांब नाही. छताला एक लांब चीर ठेवलीय, तिच्यातून ऊन खाली पडतं आणि फरशीवरून सरकत जातं. खाली तळघरात विटांच्या कमानी, त्यात लाकडी पिंपं झोपवलेली. नांगराच्या फाळांचा एक मोर उभा केलाय, माणसापेक्षा उंच. आमच्या गावात असे फाळ भंगारवाल्याला देतात. एक जिना नुसताच वर जातो आणि भिंतीला लागून संपतो. मी विचारलं, हा कुठे जातो? गाइड म्हणाली, "कुठेच नाही सर, ती कल्पना आहे." खुर्च्या आहेत पण बसायचं नाही, त्यापण कल्पनाच.

गाइडचं नाव नूतन, नाशिकचीच मुलगी. मला आधी सर म्हणाली, मग माझ्या खांद्यावर जागृतीबेनची पर्स आणि पाण्याची बाटली दिसली तेव्हापासून "तुम्ही" वर आली.

मग तो चितारलेला हॉल. जागृतीबेनने ठरल्याप्रमाणे नूतनला बोलण्यात गुंतवलं आणि मी मोबाइल छातीशी धरून फोटो मारायला लागलो. लाल मातीने सारवलेली भिंत, तिच्यावर पांढऱ्या चुन्याने बोटांनी काढलेली माणसं. ब्रश नाही, बोटं. बैल, झाड, चौरंग, त्यावर कानबाईचा, आमच्या खानदेशच्या देवीचा, नारळ.

चार फोटो काढले आणि माझा हात थांबला.

ती आमची भिंत होती. म्हणजे आमच्या घरातली. श्रावणात कानबाई बसते तेव्हा माझी आई घरची भिंत सारवते आणि सगळं घर तिच्यावर काढते. फेंगड्या पायांचा बैल तिचाच. वाकलेली आजी, टोपीवाले आबा, जे आता नाहीत. मोठी बहीण, कडेवर पोर. आणि सगळ्यांत शेवटी, जरा लांब, लांबलचक पायांचा एक माणूस, खांद्यावर पिशवी. सगळ्यांना डोळे. त्याला डोळे नाहीत.

आमच्या घरची रीत अशी. जो बाहेरगावी आहे आणि कानबाईला पोचला नाही, त्याचं चित्र काढायचं पण डोळे काढायचे बाकी ठेवायचे. तो आला की हातपाय धुऊन स्वतःच्या बोटाने डोळे काढतो, मग पाणी, मग जेवण. डोळे काढल्याशिवाय तो घरात आला असं धरत नाहीत.

तीन वर्षांपूर्वी मी सुरतेहून गेलो, उशिरा पोचलो. सगळे भाऊबंद जमलेले. मी नवीन शर्ट, नवीन मोबाइल. बोट चुन्यात बुडवलं आणि डोळ्यांच्या जागी गॉगल काढला. सगळी पोरं हसली. आईने भाऊबंदांसमोर माझ्या थोबाडीत मारली. एकविसाव्या वर्षी. कमावत्या पोराला. मी तसाच पिशवी उचलून निघालो. एवढीशी गंमत केली तर एवढं काय झालं होतं?

आणि आता हे. घरच्या भिंतीवर होतं तोपर्यंत ठीक. आता परक्या लोकांच्या हॉलमध्ये, हातात पेले घेतलेल्यांसमोर, मला बिनडोळ्यांचा करून उभा केलाय. बघा, हा माझा पोरगा, आला नाही.

छोटे शेठ पेला हलवत विचारत होते, हा आंधळा का आहे? नूतन म्हणाली, "सर, हा आजचा माणूस आहे. शहरात हरवलेला, ज्याला काही दिसत नाही." वा! मला सगळं दिसत होतं. खाली पाटीसुद्धा दिसली. वर मुंबईच्या कुठल्यातरी बाईचं नाव मोठ्या अक्षरात, खाली बारीक अक्षरात "स्थानिक महिलांच्या सहभागातून". स्थानिक महिला!

ती दोघं पुढे गेल्यावर मी नूतनला विचारलं, "हे खरं कुणी काढलं?"

तिने इकडे तिकडे बघितलं. "मळ्यात कामाला आहेत एक, भागीरथीबाई. मुंबईच्या मॅडमनी त्यांना सांगितलं, तुमच्या घरी काढता तसंच काढा. बाकीच्या बायकांनी झाडंपानं काढली, माणसं सगळी यांची. त्यांच्यामुळेच तर इथे दोरी बांधावी लागली."

"का?"

"रोज पाणी भरायला येतात ना, तेव्हा या शेवटच्या माणसाजवळ उभ्या राहतात आणि तोंडावरून हात फिरवतात. माती झिजायला लागली. सांगून ऐकत नाहीत. आता दोरीच्या अलीकडून बघतात."

बघा म्हणजे. तीन वर्षं झाली तरी राग जात नाही बाईचा. रोज येऊन हात लावून खात्री करते की पोरगं आंधळंच आहे ना.

नूतनने लांबट खिडकीतून बाहेर दाखवलं. द्राक्षाच्या ओळी, साडीवर पुरुषी शर्ट घातलेल्या बायका, डोक्याला फडकी. "त्या तिकडे असतील, तिसऱ्या-चौथ्या ओळीत. ओळखता का तुम्ही? बोलावू?"

"नको," मी म्हटलं. "आम्हाला घाई आहे."

घाई होतीच. नंतर त्या दोघांचं जेवण दोन तास चाललं तो भाग वेगळा. मी गाडीत बसून राहिलो. काचा वर केल्या होत्या. येताना छोटे शेठचं आर्किटेक्चर जरा जास्त झालं होतं, म्हणून गाडी मी चालवली.

२६ नोव्हेंबर

खुर्ची मिळाली. फिरणारी. एसी खरंच आहे. सर्दी झाली नाही.

ललित मला कॉम्प्युटर शिकवतो. तो सुरतेतल्याच डिंडोलीचा, आपलाच खानदेशी पोरगा, पण मिलमध्ये गुजरातीच बोलतो. माझे फोटो मोठ्या पडद्यावर लावले, त्याने एकेक माणूस कापून वेगळा केला. आजी एका फाइलमध्ये, बैल दुसऱ्यात. जागृतीबेन म्हणाली, "मस्त वारली प्रिंट होईल."

मी म्हटलं, "बेन, हे वारली नाही. आम्ही वारली नाही. हे खानदेशचं, कानबाईचं आहे."

"मार्केटमध्ये असलं सगळं वारलीच म्हणतात, चेतन."

आता यांना काय सांगणार. आबांचा नंबर साडीच्या पदरावर लागला. मी खालमानेने माउस फिरवायला शिकत राहिलो. मला खुर्ची हवी होती ना? मिळाली. मग गप्प बस, असं मीच मला सांगितलं.

२८ नोव्हेंबर

शेठ पडदा बघायला आला. सगळं आवडलं. शेवटच्या माणसावर बोट ठेवलं.

"अरे, आ तो आंधळो छे!"

जागृतीबेन म्हणाली, "पप्पा, ते आर्ट आहे."

"आर्ट वाइनरीमध्ये. लगनसराचा माल आहे, नवरीला आंधळा माणूस नेसवणार? अपशकुन." मग माझ्याकडे वळून, "चेतन, आंख बना इसकी."

पहिलंच काम. सगळे बघत होते. ललितने माउस माझ्याकडे सरकवला. दोन टिंबं काढायची, बस. मी माउस नेला तोंडापर्यंत. पडद्यावर ते तोंड ताटाएवढं मोठं दिसत होतं, झिजलेलं, गुळगुळीत, बाकी माणसांसारखं खरबरीत नाही.

मी माउस सोडला.

"मी नाही काढणार," मी म्हटलं.

"का?"

काय सांगणार का? म्हणालो, "नाही काढणार म्हणजे नाही." शेठ हसला नाही या वेळी. ललितला म्हणाला, तू काढ. ललितने टिक टिक केलं. झाले डोळे. जेवढ्यात मच्छर मारतो तेवढ्यात. आणि ते डोळे एवढे मठ्ठ, दुकानातल्या बाहुल्याला असतात तसे. मी म्हटलं, मिटव ते. ललित म्हणाला, "पागल थई गयो छे?" मी त्याची कॉलर धरली.

संध्याकाळी परत टेबलावर. खुर्चीवर तीन दिवस बसलो. लिहून ठेवतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की चेतनला कधी खुर्ची मिळाली नाही.

आणि हे आईसाठी केलं असं कुणाला वाटायला नको. तिचा काय संबंध? डोळे माझे आहेत. ते मी काढायचे की नाही हे शेठ कोण सांगणारा? ललित कोण? उद्या सुरतेत कुणीही उठेल आणि माझे डोळे काढेल?

३ डिसेंबर

नवीन डिझाइनच्या फ्रेमा आल्या. एकेका रंगाची एकेक फ्रेम. डोळे काळ्यात आहेत, आणि काळी फ्रेम माझ्याच टेबलावर.

फ्रेमच्या जाळीला कुठे बारीक भोक पडलं की आम्ही त्यावर लॅकरचा ठिपका लावतो, म्हणजे तिथून रंग उतरत नाही. हे टेबलावरच्या प्रत्येकाला येतं, याला सातवीसुद्धा लागत नाही.

सगळे चहाला गेले तेव्हा मी ब्रश घेतला. दोन ठिपके. फुंकर मारून वाळवले.

दुपारपासून माल छापला. साडीमागून साडी, पदरावर तो लांब पायांचा चालत गेला, पिशवी घेऊन, बिनडोळ्यांचा. समोरून फ्रेम धरणारा पोरगा झोपेत असल्यासारखा ओढत होता, त्याला काही दिसलं नाही. मला मात्र पहिल्यांदा या मिलमध्ये माल बघून बरं वाटलं. राग होता तो होताच, पण जरा बसून होता.

९ डिसेंबर

सापडलं. मार्केटमधून व्यापाऱ्याचा फोन आला असणार. शेठने गठ्ठा टेबलावर आपटला. फ्रेम उजेडाला धरली, दोन ठिपके चमकले. कुणी केलं, त्याने विचारलं. सगळे खाली बघत होते. मी म्हटलं, मी.

"वीस वर्षांत मिलमध्ये कुणी हे केलं नाही! का केलंस?"

मी म्हटलं, "त्याला डोळे काढायला तो घरी गेलेला नाही अजून."

शेठने जागृतीबेनकडे बघितलं. तिला वाटलं मी प्यायलोय. वास घेतला तिने, खरंच, नाक पुढे करून. वाइनरीत पेल्यावर पेले रिचवले त्यांनी आणि वास माझा!

मला मिलमधून काढलं. वॉचमनने पिशवीसुद्धा तपासली, मी काय फ्रेम घेऊन जाणार होतो का? ललित गेटपर्यंत आला. कॉलर धरली होती मी त्याची, तरी आला. या वेळी आपल्या भाषेत बोलला. "तो तुना कोन शे त्या चित्रमा? सांग ना." मी म्हटलं, तुझा बाप.

१० डिसेंबर, बुधवार

मामाने रिक्षा लावली आणि आत येऊन बसला. "तू काय करं रे?" मग मी सगळं सांगितलं. वाइनरी, भिंत, दोरी, लॅकर. मामा ऐकत होता आणि मध्येच डोळे पुसत होता. मी म्हटलं, रडायला काय झालं, नोकरी माझी गेली. तो म्हणाला, "तुले काहीच समजनं नही का?"

काय समजायचंय? सगळं त्या बाईमुळे झालं. तिने मला न विचारता तिथे काढलं नसतं तर आज मी फिरत्या खुर्चीवर असतो. तिला विचारायचंय मला. समोरासमोर. मामाला म्हटलं, लाव फोन. त्याने असा पटकन लावला जसा बोटाखालीच ठेवला होता.

"कोन?"

"मी."

पलीकडे नुसता वारा आणि बायकांचे आवाज. मग कुणीतरी त्यांना गप्प केलं.

"जेवना का?"

"जेवणाचं सोड. माझं चित्र कुणाला विचारून काढलंस तिथे? मी येतोय. भांडायला येतोय, सांगून ठेवतो."

"ये."

"खरंच येतोय. सोडणार नाही तुला."

"ये ना. पन चार वाजानंतर ये. तवलोंग माले मळामा काम शे."

आणि ठेवला.

तीन वर्षांनी पोरगा येतोय आणि हिला काम आहे! चारनंतर ये म्हणे, जसं काही मी पोस्टमन आहे. मामा हसतोय आणि रडतोय, त्याचं एक काही ठरत नाही. मी पिशवी भरलीय. चारला वगैरे जाणार नाही. पहाटेची पहिली गाडी पकडणार, दुपारीच पोचणार आणि तिच्याच ओळीच्या तोंडाशी जाऊन बसणार. बघतो कसं काम करते ते.